बर्फातली बाळं

कडाक्कन आवाज झाला आणि मी श्वास रोखून उभी राहिले. बर्फाचा ट्रे पिळताना एवढा आवाज होतो हे एरवी जाणवत नाही. पण माझी लेक टिल्डा नुकतीच झोपली होती, हीटरची घरघरही थांबली होती, आणि दुपारचा तो तास दिवसभरात माझा म्हणावा असा एकच. आतून काही हालचाल ऐकू आली नाही. मग मी ट्रे हळूच ओट्यावर उपडा केला.

सगळी बाळं फसली होती.

बोटाच्या पेराएवढी, गुलाबी प्लॅस्टिकची बाळं. ती पाण्यात घालून गोठवायची, बेबी शॉवरच्या दिवशी प्रत्येक बाईच्या हातात बर्फाचा एकेक खडा द्यायचा आणि मूठ मिटायला सांगायचं. जिचं बाळ आधी मोकळं होईल तिनं ओरडायचं, "माझं पाणी गेलं!" आमच्या चर्चच्या तळघरात हा खेळ लागला की एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या म्हाताऱ्याही बाह्या सरसावून बसतात. माझी बाळं मात्र गोठण्याआधीच तरंगून वर आली होती. नाकं बाहेर, पोटं बाहेर, गरम पाण्याच्या टबात पहुडल्यासारखी निवांत. एक तर नुसत्या धक्क्यानंच सुटलं आणि घरंगळत टोस्टरखाली गेलं. असा खेळ सुरू होण्याआधीच संपला असता.

सोल्वेची बाळं कधी वर येत नसत.

सोल्वे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची, डीनची मोठी बहीण. आमच्या घरात आणि अर्ध्या गावात कोणाचंही बेबी शॉवर असलं की खेळ सोल्वेचे, हे ठरलेलंच. पंचचं सरबत कोणी करायचं, सॅलड कोणी आणायचं यावर फोनाफोनी व्हायची, खेळांबद्दल कोणी विचारायचंसुद्धा नाही. तिच्याकडे एक मोठा निळा खोका आहे, त्यात सगळं असतं: कपड्यांचे चिमटे, रिबिनीची रिळं, लाळेरी, शिट्टी. माझ्या वेळी पोटाच्या मापाची रिबीन अंदाजानं कापायचा खेळ होता. आर्डिसनं, म्हणजे माझ्या सासूनं, एवढी लांब कापली की ती माझ्याभोवती दोनदा फिरली. सोल्वे सगळ्यांदेखत म्हणाली, "आई, ही सून आहे तुझी, धान्याचं कोठार नाही." मी इतकी हसले की मला खरंच बाथरूम गाठावं लागलं.

या शनिवारी जेनेलचं शॉवर होतं. जेनेल म्हणजे आमच्या धाकट्या दिराची, कोल्बीची बायको. खेळ माझ्याकडे होते, कारण सोल्वेला आम्ही बोलावलं नव्हतं.

जानेवारीत, आठव्या महिन्यात, सोल्वेचा मुलगा पोटातच गेला होता. इतक्या वर्षांनी राहिलेलं मूल. आमच्याकडे त्या दिवसांत जमीन अशी गोठते की कुदळ लागत नाही, म्हणून त्याचं दफन मे महिन्यावर गेलं. तोवर तो गावातल्या अंत्यविधीवाल्यांकडेच होता. त्याचं नाव आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण ते कोणी घेत नसे. आम्ही म्हणायचो, "ते झाल्यापासून." ते झाल्यापासून सोल्वे चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. ते झाल्यापासून रॉय फार बोलत नाही. रॉय म्हणजे तिचा नवरा.

पत्रिका पाठवायची वेळ आली तेव्हा मी आर्डिसना फोन केला होता.

"सोल्वेचं काय करायचं?"

"नको गं," त्या म्हणाल्या. "विचारलं तर ती हो म्हणेल. तुला माहीत आहे ना ती कशी आहे. हो म्हणेल, येईल, आणि कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांच्या बशा भरत बसेल. त्यापेक्षा विचारायचंच नाही."

"पण तिला कळेल ना."

"कळेल की. कळणं वेगळं आणि आपण सांगणं वेगळं."

मी यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. पण मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच आता जास्त लाज वाटते. सोल्वे समोर असताना पाळण्यांचे, लंगोटांचे खेळ कसे घ्यायचे, कोणत्या तोंडानं शिट्टी वाजवायची, हा प्रश्नच मिटला होता. आम्ही तिला त्रास नको म्हणत होतो, पण त्रास कोणाला नको होता ते मला ठाऊक होतं. जानेवारीपासून मी तिच्या घरी जे काही गेले होते ते हॉटडिशचं, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचं भांडं घेऊन. वर बटाट्याचे गोळे रचून, खाली चिकट पट्टीवर माझं नाव लिहून, दारातल्या पायरीवर ठेवायचं आणि घंटा वाजवून गाडीकडे पळायचं. गाडीचं इंजिन मी बंदच करत नसे. ती मात्र प्रत्येक वेळी भांडं घासून परत पाठवायची, आणि रिकामं कधीच नाही. एकदा लिंबाच्या वड्या, एकदा तिळाचा ब्रेड.

टोस्टरखालून बाळ काढता काढता मी ठरवलं की तो निळा खोका हवाच. आणि तो मागायला टिल्डाला बरोबर न्यायचं. मूल बरोबर असलं की पटकन निघता येतं.

सोल्वेनं दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला माती होती.

"अरे वा! आज घंटा वाजवून थांबलात?" ती म्हणाली. मग खाली वाकून, "काय गं टिल्डाबाई, केवढी मोठी झालीस. बूट काढ, आत माझी टोमॅटोची रोपं आहेत. पाणी घालशील?"

"आत्या, मी पुष्कळ घालीन."

"पुष्कळ नको. चमच्यानं."

मी दारातच उभी राहून म्हणाले, "मी थांबत नाही गं. तो खेळांचा खोका हवा होता. चर्चच्या रविवारच्या शाळेसाठी. पोरांचे काही खेळ घ्यायचेत."

"कॉफी टाकलीय," सोल्वे म्हणाली. आमच्याकडे याला उत्तर नसतं. मी कोट काढला.

स्वयंपाकघर तसंच होतं. खिडकीपाशी लांब दिव्याखाली रोपांची ओळ, फ्रीजवर बियांच्या दुकानाचं कॅलेंडर, एका चुंबकाखाली कसलासा फोटो, पण उलटा लावलेला, पांढरी बाजू वर. टिल्डा चमचा घेऊन रोपांपाशी बसली. सोल्वेनं आतून खोका आणला, टेबलावर ठेवला आणि स्वतःच झाकण काढलं.

"हं. पोरांसाठी काय काय देऊ? रिबीन हवी?"

"चालेल."

"रविवारच्या शाळेत हल्ली पोटं मोजतात वाटतं."

मी कपाकडे बघत राहिले. ती चिडलेली नव्हती. हसतही नव्हती.

"कारिन, केक ज्या बाईला सांगितलाय ती माझ्या शेजारी राहते. गुलाबी आणि पिवळा, वर बदक. शनिवारी दोन वाजता. बदकाची चोच तिला जमत नाहीये, माझ्याकडे दाखवायला आली होती."

"सोल्वे, आम्हाला वाटलं तुला…"

"काय वाटलं?"

"त्रास होईल."

"झाला असता," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, आणि घरी बसून रडले असते. आता तुम्ही विचारलं नाही, तरी मी घरी बसूनच रडणार आहे. फरक एवढाच की आता नाही म्हणायचं राहून गेलं." तिनं रिबिनीचं रीळ उलगडून परत गुंडाळलं. "कोणाची अक्कल? आईची ना?"

"माझीही," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि मला वाटलं की खरं बोलण्यासारखं एवढंच आज माझ्याकडे आहे.

मग सोल्वे पुढे वाकली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मला एक सांग. माझ्या वेळी काय काय करणार होतीस?"

मला ते लगेच कळलं नाही.

"माझ्या शॉवरला गं. फेब्रुवारीत होणार होतं ना. तू म्हणाली होतीस, या वेळी खोक्याला हात लावायचा नाही, खुर्चीत बसायचं, खेळ मी घेणार. मी इतकी वाट बघत होते. सगळ्यांचे घेतले, पण मला कधी कोणी खेळवलं नाही. सांग ना. कोणी माझ्याशी त्याच्याबद्दल बोलतच नाही. निदान हे तरी सांग."

तिचा चेहरा असा झाला होता, उठलेल्या जत्रेत एक तरी पाळणा चालू आहे का बघणाऱ्या पोरासारखा. आणि मी तिला द्यायला काहीच आणलं नव्हतं. मी काही ठरवलंच नव्हतं. नाताळ झाला, टिल्डाला ताप आला, मी म्हटलं अजून आहे वेळ. कागदाला पेनसुद्धा लावलं नव्हतं.

पण तिच्या डोळ्यांकडे बघून ते सांगवेना. म्हणून मी जेनेलचे खेळ सांगायला लागले.

"आधी चिमटे," मी म्हणाले. "आल्या आल्या प्रत्येकीच्या कॉलरला एक. जी 'बाळ' म्हणेल तिचा चिमटा दुसरीनं काढून घ्यायचा."

"आई दारातच हरली असती," सोल्वे म्हणाली.

"जॅकेट काढायच्या आधी."

ती हसली. खरं हसली. मला उत्साह चढला. "मग बर्फातली बाळं."

"तुझी वर तरंगतील. सगळ्यांची तरंगतात. आधी ट्रे अर्धाच भरायचा, गोठू द्यायचा, त्यावर बाळ आडवं ठेवायचं, मग वर पाणी. दोनदा गोठवायचं. आणि मूठ घट्ट. टिल्डा, ऐकतेस का? गार लागलं तरी मूठ सोडायची नाही, हा नियम आहे."

"रडू आलं तरी?" टिल्डानं विचारलं.

"रडायचं. सोडायचं नाही."

"आणि मग," मी म्हणाले, "लंगोटांमध्ये वितळलेली चॉकलेटं. वास घेऊन ओळखायचं कोणतं…"

मी थांबले, पण उशीर झाला होता. या एका खेळाचा सोल्वेला तिटकारा होता. एवढ्या वर्षांत एवढे खेळ घेतले, पण हा तिनं कधी घेतला नाही. माझ्या वेळी जेनेलनं हट्ट धरला होता तेव्हा ती म्हणाली होती, मी मेले तरी लंगोटात नाक घालणार नाही. सगळ्या गावाला हे ठाऊक. ज्यानं तिच्यासाठी म्हणून पाच मिनिटं विचार केला असता त्याला तर ठाऊक असतंच.

सोल्वे मागे टेकली.

"हे जेनेलचं आहे."

"हो."

"सगळंच?"

"हो."

"आणि माझं?"

"काही ठरवलं नव्हतं," मी म्हणाले. "मला वाटलं, अजून वेळ आहे."

तिनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर एप्रिलातला मळका बर्फ, कडेनं काळा पडलेला, आणि त्यापलीकडे अजूनही गोठलेलं तळं.

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली.

मी तिचा हात धरायला हवा होता. आमच्या घरात आपण होऊन कोणी कोणाचा हात धरत नाही, पण ती सबब झाली. मी म्हणाले, "फोटोंचा खेळ मात्र तुझ्यासाठीच डोक्यात होता. खरंच." आणि ते खरं होतं, अर्धंमुर्धं का होईना. "सगळ्यांचे तान्हेपणचे फोटो एका फळ्यावर लावायचे आणि कोण कोणाचा ओळखायचं. तुझा तो टकलू फोटो आहे ना, आर्डिसच्या जिन्यात, तो मधोमध लावणार होते."

"जेनेलच्याही आहे का हा खेळ?"

"आहे."

"मग त्यात आमच्याकडून कोणाचा?" सोल्वे उठली. फ्रीजपाशी गेली आणि तो उलटा लावलेला फोटो चुंबकाखालून काढला. "हा एकच आहे. नर्सनं काढला होता. कोणी आलं की मी उलटा करते. लोकांना अवघड नको वाटायला." फोटो छातीशी धरून ती उभी राहिली. "बघतेस?"

आणि मी काय म्हणाले, तर म्हणाले, "टिल्डा आहे ना इथं."

तेवढ्यासाठीच तर तिला आणली होती. मला माझाच आवाज ऐकू आला. पण टिल्डा तोवर चमचा टाकून आली होती आणि आत्याच्या बाहीला लोंबकळत होती. "मला बघायचाय. आत्या, मला दाखव."

सोल्वेनं माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच हो म्हटलं. ती खुर्चीवर बसली, टिल्डाला मांडीवर घेतलं आणि फोटो सरळ केला.

मग मीही बघितला. टेबलाच्या पलीकडून, उलट्या बाजूनं. निळी टोपी, मिटलेले डोळे, एक मूठ हनुवटीखाली.

"ह्याचं नाक बाबासारखं आहे," टिल्डा म्हणाली.

"आहे ना?" सोल्वे म्हणाली. "मी रॉयला तेच म्हणाले. डीनचं नाक घेतलंय यानं, बिचाऱ्यानं."

"नाव काय?"

"अँडर्स."

"अँडर्स," टिल्डा म्हणाली. इतक्या सहज, जणू मैदानावर हाक मारत होती. "तो झोपलाय?"

"नाही गं. तो मेला होता."

"मग टोपी कोणी घातली?"

"मी."

"तू त्याला घेतलं होतंस?"

"घेतलं ना. मी घेतलं, रॉयनं घेतलं. आणि एका नर्सनं. बाकीच्यांनी आम्हाला निवांत राहू दिलं." शेवटचं वाक्य तिनं टिल्डाच्या केसांत बोलल्यासारखं केलं, पण ते माझ्यासाठी होतं. त्या दिवशी कुटुंबातल्या सगळ्यांनी मिळून ते ठरवलं होतं. त्यांना निवांत राहू द्या. हॉस्पिटल आमच्या घरापासून मक्याच्या चार शेतांपलीकडे आहे.

"सोल्वे, शनिवारी ये," मी म्हणाले. "मी आईंना सांगते. ये."

"आता?" तिनं फोटो परत फ्रीजवर लावला. या वेळी सरळ. "नाही, नाही येणार. तू विचारलंस, मी नाही म्हणाले. बघ, एवढंच होतं." मग खोक्याचं झाकण लावून तिनं तो माझ्याकडे सरकवला. "शिट्टी आत आहे, ती आईच्या हाती देऊ नकोस. आणि खोका परत आणशील तेव्हा आत ये. पायरीवर ठेवून पळालीस ना, तर मी बर्फात अनवाणी तुझ्या गाडीमागे येईन."

"इंजिन बंद करून येईन," मी म्हणाले.

"बघू."

त्या संध्याकाळी आम्ही ट्रे अर्धा भरला. टिल्डा स्टुलावर उभी राहून फ्रीजर उघडझाप करत राहिली. गोठलं म्हटल्यावर तिनं प्रत्येक बाळ उताणं ठेवलं, वरून मी पाणी ओतलं. एकही तरंगलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर तिला एक खडा दिला, करून बघायला. ती खुर्चीवर मांडी घालून बसली आणि मूठ मिटली. थोड्याच वेळात तिच्या कोपरावरून पाणी ओघळायला लागलं.

"सोड गं, हात लाल झाला बघ."

"नाही सोडायचं. आत्यानं सांगितलंय."

"थोडा वेळ दुसऱ्या हातात घे."

"नाही."

ओठ दाबून, डोळे बारीक करून ती बसून राहिली. मी जेनेलच्या शॉवरसाठी चिमट्यांना पिवळ्या रिबिनी बांधत होते. चॉकलेटांची पिशवी मी सकाळीच कपाटात मागे सारली होती. शनिवारी तो खेळ होणार नव्हता, आणि का ते मी कोणालाही सांगणार नव्हते. म्हणजे पुन्हा तेच, न सांगणं.

"सुटलं!" टिल्डा ओरडली.

तिनं मूठ उघडली. लालबुंद तळव्यावर ते इवलं गुलाबी बाळ, ओलं, मोकळं. "पाणी गेलं" म्हणायला ती विसरली. तिनं त्याला दुसऱ्या हाताच्या बोटानं पुसलं, कोरडं केलं, आणि माझ्याकडे वर बघितलं. बघण्यात तक्रार नव्हती, नुसतं कुतूहल.

"आई, अँडर्सला तू का नाही घेतलंस?"